वन्यजीव शास्त्रज्ञ व्हायचंय: यवतमाळहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने विचारलंय: "मॅडम, मला वाघांवर संशोधन करायचं आहे. एमएससी कुठून करू? पीएचडी लागतेच का? पुढे नोकरी मिळते का? बाबा म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो. आणि माझं इंग्रजी कच्चं आहे."

शेवटचं वाक्य तू प्रश्न म्हणून लिहिलेलं नाहीस, पण त्याचंही उत्तर देते.

आधी थोडक्यात. होतं, झूलॉजीच्या साध्या बीएस्सीवरून होतं. मी तशीच आले. एमएससी झाली तेव्हा तेवीस वर्षांची होते. मग दोन वर्षं एका प्रकल्पावर, सहा वर्षं पीएचडी, त्यानंतर सात वर्षं कधी तासिका तत्त्वावर शिकवणं तर कधी वर्षा-वर्षाच्या करारावरचे प्रकल्प. हातात कायम नोकरीची ऑर्डर पडली तेव्हा अडतिसावं लागलं होतं. माझ्या बरोबरीच्यांत कुणाला लवकर मिळाली, बऱ्याच जणांना मिळालीच नाही. हे बाबांना आत्ताच सांगून टाक. पाच वर्षांनी सांगशील तर भांडण होईल.

आता सविस्तर.

मी जंगलात काम करते म्हटलं की गावाकडे लोक विचारतात, "म्हणजे फॉरेस्टमध्ये?" नाही. वनरक्षक, आरएफओ, डीएफओ हे वनखात्याचे लोक. तिथे जायचं तर खात्याची भरती, एमपीएससीची वनसेवा किंवा यूपीएससीची आयएफएस (भारतीय वनसेवा) असे रस्ते आहेत. जंगलात काय करायचं हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे. आम्ही मोजतो, तपासतो, लिहितो आणि ते कुणी वाचावं म्हणून खेटे घालतो. तुला अधिकार हवा असेल, गस्त घालायची असेल, अतिक्रमण हटवायचं असेल, तर खुशाल एमपीएससी कर, त्यात कमीपणा काहीच नाही. "हे असं का होतं?" हा किडा डोक्यात वळवळत असेल तरच इकडे ये.

आमच्या कामातला पहिला प्रश्न असतो "किती आहेत?" ऐकायला पोरकट वाटतो, पण अख्खं शास्त्र त्याच्याभोवती उभं आहे. भारतात पूर्वी वाघ मोजायचे ते पाऊलखुणांवरून. काचेवर ठसा उतरवून घ्यायचा, प्लास्टरचा साचा काढायचा आणि जाणकाराने सांगायचं, हा अमुक वाघ, ही तमुक वाघीण. या पद्धतीने २००१-०२ साली देशात ३६४२ वाघ निघाले. त्यानंतर २००४-०५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तरी कागदावर ते होते. मग टास्क फोर्स बसली, पद्धत बदलली आणि २००६ च्या गणनेत आकडा आला १४११. पेपरवाल्यांनी दोन आकडे शेजारी-शेजारी छापले आणि चार-पाच वर्षांत निम्म्याहून जास्त वाघ मेले अशी बोंब झाली. वाघ कमी झाले असतीलच, पण दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची वजाबाकी करता येत नाही. हे जिला पटकन समजतं ती मुलगी या क्षेत्रात टिकते.

नव्या पद्धतीचं मूळ बऱ्याच अंशी कर्नाटकातल्या नागरहोळेत आहे. उल्लास कारंत मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. पुढे फ्लोरिडात शिकून आले, आणि कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या, जंगलात बांधलेल्या कॅमेऱ्यांचे) फोटो व संख्याशास्त्र यांची सांगड घालून वाघांची संख्या कशी काढायची हे त्यांनी १९९५ च्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, मांडलं. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. समज, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांत १० वेगवेगळे वाघ आले. दुसऱ्या फेरीत ८ आले आणि त्यातले ४ पहिल्या फेरीत दिसलेलेच होते. म्हणजे दुसऱ्या फेरीतले निम्मे आपल्या ओळखीचे. मग पहिल्या फेरीतले १० हेही एकूण वाघांच्या निम्मेच असणार, असा हिशेब धरायचा. दहा गुणिले आठ, भागिले चार: वीस. खरी गणितं याहून बरीच किचकट असतात, कारण काही वाघ कॅमेऱ्याला बुजतात, काहींचा वावर कडेला असतो. पण गाभा एवढाच: जे दिसलं नाही त्याचाही हिशेब द्यायचा. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या जवळपास फोटो आले आणि त्यातले वाघाचे होते ७६,६५१. उरलेल्या फोटोंत कोण असतं ते मी सांगते. गाई, शेळ्या, सरपण नेणाऱ्या बाया, वाऱ्याने हललेलं गवत, आणि लेन्सवर जाळं विणून बसलेला कोळी. ते सगळे फोटो कुणीतरी एकेक करून बघितलेले असतात. पहिली काही वर्षं ते "कुणीतरी" तू असशील. हल्ली निम्मं चाळण्याचं काम संगणक करतो, तेवढं तुमच्या पिढीचं नशीब.

म्हणून सांगते, गणिताला घाबरून झूलॉजी घेतली असशील तर आत्ताच संख्याशास्त्राचं एखादं साधं पुस्तक काढ आणि "आर" ही संगणकी भाषा शिकायला लाग. फुकट आहे, कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी जंगलाबद्दल फार विचारत नाही, ती आवड सगळ्यांनाच असते. मी एक टेबल पुढे ठेवते आणि विचारते, यातून काय काय सांगता येणार नाही?

एमएससी. वन्यजीवांचा खास अभ्यासक्रम म्हटलं की दोन नावं आधी येतात. एक, देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान. संस्था १९८२ ची, तिथली एमएससी १९८८ पासूनची. दुसरं, बंगळुरूचं एनसीबीएस, तिथला वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाचा अभ्यासक्रम २००४ साली सुरू झाला. दोन्हीकडे मोजक्या जागा, प्रवेश परीक्षा, वर मुलाखत. प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही, त्यामुळे जाहिरातीवर नजर ठेवावी लागते. तिथे मिळालं तर डोळे मिटून जा. दोन वर्षांत जे शिकवतात, जंगलं दाखवतात आणि ज्या ओळखी होतात, ते मला जमवायला सहा वर्षं लागली. पुण्यात गरवारे कॉलेजात जैवविविधतेची एमएससी आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था आहे, तीही बघ.

नाही मिळालं तर साधी झूलॉजी किंवा बॉटनीची एमएससी कर, पण प्रबंधाला जो विषय घेशील तो बाहेर, मातीत, जाऊन करायचा असू दे. ए. जे. टी. जॉनसिंग शिवकाशीच्या कॉलेजात झूलॉजी शिकवत होते. १९७६ ते ७८ मध्ये त्यांनी बंदीपूरच्या रानकुत्र्यांचा अभ्यास केला आणि पुढे देहरादूनला जाऊन देशातल्या वन्यजीव शास्त्रज्ञांची एक पिढी घडवली. सुरुवात कुठल्या कॉलेजातून झाली हे नंतर कुणी विचारत नाही.

एमएससी आणि पीएचडीच्या मध्ये एक-दोन वर्षं कुठल्या तरी प्रकल्पावर काम कर, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बीएनएचएस, म्हैसूरची एनसीएफ, बंगळुरूची एट्री आणि सीडब्ल्यूएस, मुंबईची वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट अशा संस्थांच्या जाहिराती निघत असतात. पगार फार नसतो. पण जंगलात राहणं आपल्याला झेपतं का, हे तिथेच कळतं. मचाणावर एक रात्र काढून ते कळत नाही. सलग चार महिने तीच डाळ, तीच खोली, रेंज नाही, पाण्याची मोटर बंद, आणि सकाळी साडेपाचला उठून तीच दोन किलोमीटरची रेघ चालायची. त्यानंतरही सहाव्या आठवड्यात कुतूहल शिल्लक असेल तर तू आमच्यातली.

ती रेघ म्हणजे ट्रान्सेक्ट. सरळ आखलेली वाट, पहाटे दबक्या पावलांनी चालायची. पुढे वनमजूर, मागे मी. तो थांबला की मीही थांबायची. डावीकडे चितळं. किती? सात. नाही, आठ, एक पाडस गवतात बसलंय. होकायंत्रावर कोन, रेंजफाइंडरवर अंतर, वहीत नोंद आणि पुढे. जवळचे प्राणी जास्त दिसतात, लांबचे सुटतात. किती सुटले असतील याचा अंदाज त्या अंतरांवरून निघतो. त्यासाठी एकेक प्राणी निदान साठ-ऐंशी वेळा दिसावा लागतो.

माझा विषय होता चौशिंगा, चार शिंगांचा हरणासारखा प्राणी, आणि इथेच माझी फजिती झाली. लाजाळू प्राणी, एकटा-दुकटा राहणारा, गवतात दबून बसणारा. दोन हंगाम चालून मला तो दिसला एकोणीस वेळा. गाइडनी वही बघितली आणि म्हणाले, "प्राणी चांगला निवडलास, पद्धत प्राण्याला विचारून निवडली नाहीस." त्या रात्री मी रडले. मग आमच्या वनमजूर काकांनी दाखवलं की चौशिंगा एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्याचे ढीग साचतात. ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मी जंगलाचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात तीन-तीनदा जाऊन ढीग शोधले. तीनपैकी एकदाच सापडला तर उरलेल्या दोनदा तो आपल्या नजरेतून सुटला, असा हिशेब. त्यातून "किती आहेत" याचं उत्तर मिळालं नाही, पण "कुठे आहेत आणि कुठे नाहीत" याचं मिळालं. थीसिस त्यावर झाला. काडीने लेंड्या उकरत बसलेली डॉक्टरेटची विद्यार्थिनी बघून आईने कपाळाला हात लावला होता.

दुसरी फजिती कॅमेऱ्यांची. चौदा कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या, आम्ही नव्या टाकल्या. बॅटरी पूर्ण उतरली की त्या मॉडेलची तारीख-वेळ मूळपदावर जाते हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. आम्ही मॅन्युअल वाचलं नव्हतं. कोणता प्राणी किती वाजता फिरतो याचा तीन महिन्यांचा डेटा गेला. तेव्हापासून माझ्या टीममध्ये कॅमेरा बांधला की आधी त्याच्यासमोर घड्याळ आणि पाटी धरून फोटो काढतात. तू पहिल्या दिवसापासून ही सवय लाव.

पीएचडी लागतेच का? स्वतःचा प्रश्न स्वतः ठरवायचा असेल, विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत जागा हवी असेल, तर लागते. क्षेत्रकाम करायचं, संस्थेचे प्रकल्प चालवायचे, गावांबरोबर काम करायचं असेल तर पीएचडीशिवाय उत्तम काम करणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यातल्या काहींनी माझ्यापेक्षा जास्त जंगल वाचवलंय.

पैशाचं बघ. नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आपल्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते बघून वेळेत अर्ज कर. आणि एक लक्षात ठेव: कागदावर महिन्याची असली तरी फेलोशिप कधी सहा महिन्यांची एकदम येते. मी एक अख्खा पावसाळा मेसवाल्या मावशींच्या उधारीवर काढलाय. त्यांचं नाव माझ्या थीसिसच्या ऋणनिर्देशात आहे.

संस्थेपेक्षा गाइड बघून निवड. त्यांचे जुने विद्यार्थी शोध, एक-दोघांना फोन कर आणि तीन गोष्टी विचार: पीएचडी किती वर्षांत पुरी झाली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं होतं, आणि मुलींशी वागणं कसं. तिसरं उत्तर देताना समोरची व्यक्ती जरा थांबली तर तिथे जाऊ नकोस. नाव कितीही मोठं असो.

परवानगीचा धडा कुणी शिकवत नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली परवाना लागतो. प्राण्याला पकडायचं, तो कुठे जातो ते कळवणारी रेडिओ कॉलर गळ्यात लावायची, तर प्रकरण आणखी वर जातं. माझ्या एका अर्जाला एका राज्यात अकरा महिने लागले. पत्र हातात आलं तोवर ज्या हंगामात काम करायचं होतं तो संपला होता. अर्ज प्रस्ताव लिहितानाच टाक, प्रत्येक कागदाची पोच घे, आणि त्या बीटवरच्या, म्हणजे त्याच्या हद्दीतल्या जंगलाच्या, गार्डला जाऊन आधी भेट. वरून आदेश आला तरी वाट दाखवणारा तोच असतो. काम संपल्यावर दोन पानी मराठी अहवाल त्याच्या नाक्यावर नेऊन दे. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडून माहिती घेतो आणि इंग्रजीत छापतो, याचा राग त्यांना असतो, आणि तो खरा आहे.

आता वाघ. तुझ्या जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा वाघ २०१९ मध्ये कॉलर घेऊन निघाला आणि तेलंगणात डोकावून, शेतं-रस्ते ओलांडत १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, हे तू वाचलंच असशील. असं काम करावंसं वाटणं साहजिक आहे. पण बेशुद्ध करणारे पशुवैद्य, महागडी कॉलर, दिल्लीपर्यंतच्या परवानग्या हे मोठ्या संस्थेच्या प्रकल्पातच जमतं, आणि त्या रांगेत तुझ्यापुढे बरेच जण उभे आहेत. शिवाय वाघावर इतकं लिहून झालंय की नवा प्रश्न शोधायलाच दोन वर्षं जातील. उलट आपल्याकडचाच रानपिंगळा, एक घुबड, बघ. १८८४ नंतर कुणाला पक्का सापडला नव्हता, संपला असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. एकशे तेरा वर्षं! विदर्भातले मासे, बेडूक, वटवाघळं, गवताळ माळावरचे पक्षी यांच्यावर विचारलेच न गेलेले प्रश्न पडलेत. तिथे तुझी रांग पहिल्यापासून सुरू होते.

मोठाच प्राणी हवा असेल तर जंगलाबाहेर बघ. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात, अभयारण्य वगैरे काही नसलेल्या, उसाच्या आणि वस्त्यांच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि साधारण तेवढेच तरस. हा पेपर २०१३ चा. बिबटे खात काय होते? विष्ठेतले केस तपासले तर सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. त्याआधी जुन्नर भागात बिबटे पकडून लांब जंगलात नेऊन सोडले जात होते. त्याने हल्ले कमी होण्याऐवजी सोडलेल्या जागांच्या आसपास वाढले, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. "पकडा आणि जंगलात सोडा" हे सगळ्यांना पटलेलं उत्तर चुकीचं आहे, असं आकड्यांनी दाखवता येणं, याच्यासाठी मी ही नोकरी करते.

इथे तुझ्या इंग्रजीचं बोलू. पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात, सुटका नाही. माझा पहिला पेपर तीन ठिकाणांहून परत आला. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की भाषा इतकी वाईट आहे की शास्त्र तपासता येत नाही. मी दोन दिवस जेवले नाही. मग आधी प्रत्येक परिच्छेद मराठीत लिहायला लागले: काय केलं, का केलं, काय निघालं. मराठीत जे स्पष्ट सांगता येत नव्हतं ते मला समजलेलंच नव्हतं, असं दर वेळी निघालं. आठवड्याला एक पेपर वाच, "पद्धती" हा भाग आधी. दोन वर्षांत हात बसतो.

आणि तुझी मराठी, त्यातही वऱ्हाडी, हे भांडवल आहे, ते कमी समजू नकोस. एका प्रकल्पात आमच्याकडे इंग्रजीतून भाषांतर केलेली प्रश्नावली आली: "आपल्याला वन्यप्राण्यांपासून कितपत धोका जाणवतो? एक ते पाच." शेतकरी बघतच राहिला. मी वही मिटली आणि विचारलं, "रात्री पाणी द्यायला एकटे जाता का?" मग तासभर बोलला. थ्री फेजची लाइट आठवडाभर रात्रीची असते, म्हणून मोटर रात्री चालू करावी लागते, म्हणून अंधारात बांधावरून चालावं लागतं. भीती बिबट्याची होती, पण तिचं वेळापत्रक वीज कंपनीचं होतं. एक-ते-पाचच्या रकान्यात हे कुठे बसलं असतं?

पीएचडीनंतरचं सरळ सांगते. देहरादूनचं संस्थान, कोइमतूरचं सालिम अली केंद्र (आता त्याच संस्थानाचा भाग), एनसीबीएस, बंगळुरूच्या आयआयएस्सीचं पर्यावरणशास्त्र केंद्र, काही आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), थोडी विद्यापीठं. कायम जागा अशा ठिकाणी, आणि त्या बोटांवर मोजाव्यात इतक्या निघतात. साधारण रीत अशी की दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, करायचं, जमल्यास परदेशात, मग अर्ज करत राहायचं. महाराष्ट्रातल्या कॉलेजात झूलॉजीची जागा हा दुसरा मार्ग. त्यासाठी सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा) किंवा नेट असलेली बरी, आणि जागा भरल्या जाईपर्यंत तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. मी तीन वर्षं तेच केलं. सकाळी पेशींची रचना शिकवायची, रविवारी माळावर. संस्थांमधले करार तिसरा मार्ग. तिथे पगार कधी विद्यापीठाच्या जवळ जातो, पण देणगी संपली की प्रकल्प संपतो. त्यामुळे बीएड करायला मी विरोध करणार नाही. दोन वर्षं जातात हे खरं, पण ते कागद जवळ असले की वाईट गाइडला "नाही" म्हणायचं बळ येतं. तुझं घर तुला किती वर्षं थांबू शकतं, यावर ठरव.

या बेभरवशाला इतिहास आहे, एवढंच. सालिम अलींकडे प्राणिशास्त्राची रीतसर पदवी नव्हती. ते बर्लिनला जाऊन शिकून १९३० मध्ये परतले, तर मुंबईतल्या म्युझियममधली त्यांची गाइड लेक्चररची जागाच पैशाअभावी बंद झालेली. बेकार म्हणून बायकोसह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींची वसाहत बघत बसले. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसरं बांधायला घेतो. हे त्या बेकारीतलं काम, आणि नाव झालं ते त्यावर.

मुलगी म्हणून दोन शब्द, ते कुणी लिहीत नाही म्हणून. कॅम्पवर संडास आहे का, खोलीला आतून कडी आहे का, हे जायच्या आधी विचार. विचारताना लाजू नकोस, मी लाजले आणि तीन आठवडे पहाटे चारला उठून बाहेर जात होते. आज कुठल्या बीटला आहेस हे रोज एका माणसाला कळलं पाहिजे. गोचीड अंगभर शोधायचे, ताप आला तर "जंगलात होते" हे डॉक्टरला आपणहून सांगायचं, नाहीतर तो टायफॉइडवर औषध देत बसतो. गार्डच्या बायकोशी मैत्री कर. माझ्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगी फील्डची माहिती मला चुलीपाशी मिळालीय.

आता काम सांगते, कारण एमएससीला अजून वेळ आहे आणि पाऊस येतोय. तुझ्या गावाजवळ विहिरीवर झुकलेली, सुगरणीच्या घरट्यांची बाभूळ असेलच. एक वही कर. दर रविवारी, एकाच वेळी, एकाच जागी उभी राहून घरटी मोज: अर्धी किती, पुरी किती, पाण्यावर लटकलेली किती, कडेची किती. पहिल्याच रविवारी एका मैत्रिणीला घेऊन जा आणि तिला तीच बाभूळ वेगळी मोजायला सांग, एकमेकींना आकडा न दाखवता. तुमचे आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत ते दोन पानांत, मराठीत, मला लिहून पाठव.